ना खुर्ची, ना माईक, तरी फुल्ल हवा!

माहीत आहे का? आरमोरी तालुक्यात फिरून गेलेल्या सगळ्यात वजनदार लीडरने आजवर एकही भाषण ठोकलेलं नाही. पोस्टर नाही, वाढदिवसाचा बॅनर नाही, हारतुरे नाहीत. ताफा मात्र आहे, आणि तोही चार पायांचा!

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये छत्तीसगडातून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला आणि धानोरा, कुरखेडा, देसाईगंज, आरमोरी असा त्याचा दौरा सुरू झाला. धानाच्या बांध्यांचं काय झालं ते शेतकऱ्यांना विचारा. तो विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण अशा कळपाचं नेतृत्व कुणाकडे असतं? सहसा वयस्क हत्तिणीकडे. थोडक्यात, आजीबाईंकडे!

केनियातल्या अंबोसेलीत कॅरेन मॅक्कॉम्ब या संशोधिकेने हत्तींना चक्क स्पीकरवरून आवाज ऐकवले. २००१ मध्ये तिच्या टीमने जाहीर केलं की, म्होरकी जितकी म्हातारी तितकं तिच्या कळपाला ‘ओळखीचं कोण, परकं कोण’ हे जास्त नीट कळतं. २०११ मध्ये पुढचा एपिसोड आला. या वेळी सिंहांच्या डरकाळ्या वाजवल्या. नर सिंह जास्त धोकादायक, हे साठी ओलांडलेल्या आज्यांनी सगळ्यात अचूक ताडलं. डरकाळी सिंहाची, पण डिसिजन आजीचं!

करिश्मा, पण कपूर नव्हे

आजीच्या या वजनाला माणसांत म्हणतात करिश्मा. शब्द ऐकताच नव्वदच्या दशकातली गाणी डोक्यात वाजायला लागली? वाजू द्या. आपण बोलतोय ते मॅक्स वेबर यांच्या करिश्म्याबद्दल. १८६४ मध्ये जन्मलेल्या या जर्मन समाजशास्त्रज्ञाने सत्तेचे तीन प्रकार सांगितले. पाटलाचा मुलगा पाटील, ही परंपरेची सत्ता. तहसीलदाराचा सही-शिक्का, ही कायद्याची. आणि तिसरी? ना वारसा, ना ऑर्डर, ना पगारपत्रक, तरी माणूस ‘चला’ म्हणाला की लोक चपला शोधायला लागतात. तो करिश्मा!

वेबरसाहेबांची खरी गंमत पुढे आहे. ते म्हणतात, करिश्मा लोक मानतात तोवर असतो. लोकांनी मानणं सोडलं की विषय संपला. म्हणजे तुमच्या करिश्म्याचा रिमोट तुमच्या हातात नाहीच. बसलात ना गप्प?

आता चंद्रपूर-गडचिरोलीकडे बघा. इथे तिसऱ्या प्रकारची माणसं इतकी निघाली की वेबरना एखादा धडा वाढवावा लागला असता.

नेता, ज्याला बसताच येत नव्हतं

माहीत आहे का? बाबा आमटे तरुणपणी सिनेमाचे क्रिटिक होते! ‘पिक्चरगोअर’ मासिकासाठी परीक्षणं लिहायचे आणि ग्रेटा गार्बो, नॉर्मा शिअरर यांच्यासारख्या हॉलिवूडच्या तारकांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. स्पोर्ट्‌स कार होती, तिच्या सीटना बिबट्याचं कातडं होतं, हातात शिकारीची बंदूक होती. १९१४ साली हिंगणघाटला जन्मलेला हा जमीनदाराचा मुलगा इन्स्टाग्रामच्या जमान्यात असता, तर फॉलोअर मोजता मोजता आपली बोटं दुखली असती.

आणि मग यू-टर्न! वरोऱ्यात वकिली करता करता हे साहेब नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले आणि सफाई कामगारांचं काम समजून घ्यायला स्वतः डोक्यावर मैल्याची टोपली घेऊन निघाले. उपाध्यक्ष! टोपली! फोटोसाठी झाडू हातात धरायची फॅशन यायला तेव्हा बराच अवकाश होता.

लव्ह स्टोरी हवी? घ्या. लग्नघरात सगळी मंडळी नटूनथटून मिरवतायत आणि एक मुलगी मागच्या बाजूला म्हाताऱ्या मोलकरणीला धुणं धुवायला मदत करतेय. तेव्हा जटा-दाढी वाढवून साधूसारख्या राहणाऱ्या मुरलीधर ऊर्फ बाबा आमटेंनी ते पाहिलं आणि क्लीन बोल्ड! १९४६ च्या डिसेंबरात इंदू घुले यांच्या साधनाताई आमटे झाल्या. अशा जावयाकडे पाहून सासरच्यांचे चेहरे कसे झाले असतील, हा आमचा आवडता कल्पनाविलास.

इंग्रज सोल्जर रेल्वेत एका मुलीची छेड काढत होते, तेव्हा बाबा त्यांच्यावर एकटे तुटून पडले. गांधीजींनी त्यांना नाव दिलं ‘अभयसाधक’. पण ट्विस्ट ऐका. हाच अभयसाधक गटारीजवळ पडलेल्या तुळशीराम नावाच्या कुष्ठरुग्णाला पाहून घाबरून पळाला होता! ती भीती त्यांना इतकी लागली की पुढचं सगळं आयुष्य तिच्याच पाठलागात गेलं. १९५१ मध्ये आनंदवन सुरू झालं तेव्हाचं भांडवल: सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि रोख १४ रुपये. हल्लीच्या स्टार्टअपवाल्यांनी हे वाचून चहाचा घोट गिळावा.

आता शीर्षकातली खुर्ची. पाठीच्या कण्याच्या आजाराने बाबांना बसताच येईना. उभं राहायचं किंवा आडवं व्हायचं, मधला पर्यायच नाही. अशा अवस्थेत, सत्तरी ओलांडल्यावर, १९८५ च्या डिसेंबरात त्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा काढली. सुमारे पाच हजार किलोमीटर! शंभरावर तरुण-तरुणी सायकलवर, आणि बाबा गाडीत झोपून. खुर्चीसाठी भांडणारे नेते पैशाला पासरी. खुर्चीवर बसूच न शकणारा नेता मात्र वरोऱ्यालाच सापडणार.

चिमुकला ब्रेक!

माहीत आहे का? निवडणूक कोण जिंकणार हे पाच वर्षांचं पोर सांगू शकतं! स्वित्झर्लंडमध्ये जॉन अँटोनाकिस आणि ओलाफ डालगास यांनी मुलांना दोन-दोन फोटो दाखवून विचारलं, ‘तुझ्या जहाजाचा कॅप्टन कोण?’ फोटो होते फ्रान्सच्या निवडणुकीतल्या खऱ्या उमेदवारांचे. पोरांना त्यातलं कुणीच माहीत नव्हतं. तरी त्यांनी निवडलेले ‘कॅप्टन’ सुमारे ७१ टक्के वेळा खरोखर जिंकलेले निघाले. २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे छापून आलं. राजकीय पंडितांनो, अंगणवाडीत प्रवेश चालू आहेत!

म्हणजे सगळा खेळ चेहऱ्याचा? थांबा, थांबा. मुंबईच्या कोर्टात एक तरुण बॅरिस्टर पहिलीच केस लढायला उठला. त्याची जीभ टाळूला चिकटली, डोकं गरगरलं. बाजू न मांडताच तो खाली बसला आणि ३० रुपये फी परत देऊन मोकळा झाला. नाव मोहनदास करमचंद गांधी. करिश्मा जन्मजात असतो म्हणणाऱ्यांनी हा किस्सा फ्रिजवर चिकटवावा.

पांढरा कोट? नको रे बाप्पा!

डॉक्टर म्हटलं की पांढरा कोट आणि त्याबरोबर रुबाब फ्री, हो ना? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधून शिकून आले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था घेऊन बसले. डिग्रीची चमक होतीच. पण गोंड माणसं दवाखान्यात का येत नाहीत, हे बंग दांपत्याने त्यांनाच विचारलं.

उत्तरं भन्नाट! इमारत मोठी, भीती वाटते. पेशंटला एकटं ठेवतात, नातेवाइकांना राहू देत नाहीत. देव कुठे दिसत नाही. आणि ‘हे पांढरे कपडे कशाला? पांढऱ्यात तर आपण मेलेल्या माणसाला गुंडाळतो!’ घ्या. जगभर विश्वासाचं प्रतीक असलेला युनिफॉर्म इथे कफन ठरला.

मग चातगावजवळच्या शोधग्राममध्ये उभं राहिलं ‘माँ दंतेश्वरी दवाखाना’. गोंड गावासारखा, झोपड्या-झोपड्यांचा, नातेवाइकांना राहायला जागा असलेला, देवीच्या नावाचा. नाव आणि नकाशा पेशंट मंडळींचा, इंजेक्शन डॉक्टरांचं! हीच ऐकायची सवय पुढे मोठी झाली. गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्याचे आकडे छापले: त्या गावांत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. या आरोग्यदूत बायांचा गावातला भाव विचारूच नका!

आमचं मत सांगू? करिश्म्यावरच्या गुळगुळीत पुस्तकांत ‘समोरच्याच्या डोळ्यांत बघा’ हे पान एकवर असतं आणि ‘समोरच्याला विचारा’ हे कुठे नसतंच. डोळ्यांत बघायला काय, मांजरही बघतं.

बडबड = बढती?

माहीत आहे का? जो जास्त बोलतो तो लीडर वाटतो. काय बोलतो, याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही! न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाशी जोडलेल्या संशोधकांनी अनोळखी लोकांचे गट करून त्यांना कामं दिली आणि नंतर ‘तुमचा लीडर कोण?’ असं विचारलं. ज्याने सगळ्यात जास्त वेळ तोंड चालवलं, त्याचं नाव पुढे आलं. या सिद्धान्ताचं नावच ‘बडबड सिद्धान्त’! आणि हो, पुरुष असल्याबद्दल साधारण एक मत फुकटात मिळालं. बायांनो, तुम्हाला हे आधीच माहीत होतं, आम्हाला कळलंय.

आता या सिद्धान्ताला धानोरा तालुक्यात घेऊन या. मेंढा (लेखा) या गोंड गावात त्याची पार दांडी गुल! इथल्या ग्रामसभेत मतदान नाही. बहुमत नाही. निर्णय सर्वसहमतीने. एकाला जरी पटलं नाही, तरी पुन्हा बसा, पुन्हा बोला. आता करा बघू बडबड! नव्याण्णव जणांना भुरळ पाडलीत तरी कोपऱ्यातली एक आजी ‘नाही’ म्हणाली की तुमची सगळी पर्सनॅलिटी पाण्यात.

गावाची घोषणा महाराष्ट्रभर गाजली: ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ गावाचा ओळखीचा चेहरा म्हणजे देवाजी तोफा. आता एवढ्या गाजलेल्या माणसाने ‘मी ठरवलं’ म्हणायला काय हरकत होती? पण मेंढ्यात ठरवते ती सभा. आणि सभेच्या आधी असतो अभ्यासगट. तिथे विषय खलायचा, बाहेरचा जाणकार असेल तर त्याला प्रश्न विचारून बेजार करायचं आणि निर्णयासाठी मात्र ग्रामसभेत यायचं. निर्णय न घेणारी मीटिंग! आपल्या ऑफिसात त्या रोजच होतात म्हणा, पण तिकडे त्या ठरवून करतात.

२००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होतं. जंगल सुमारे १८०० हेक्टर! पण बांबू विकायचा तर वाहतुकीचा पास हवा, आणि पासचं पुस्तक सरकारकडे. गाव अडून बसलं. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि पासबुक ग्रामसभेच्या हाती आलं. मंत्रालयात खेटे घालणारं गाव आपण ऐकलेलं असतं. इथे मंत्रीच गावात हजर!

मेंढ्याच्या कहाणीतला दुसरा खेळाडू होता मोहन हिराबाई हिरालाल. नावात गंमत दिसली? आधी आईचं नाव, मग वडिलांचं, आडनाव गायब! चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’चा हा कार्यकर्ता मेंढ्यात कित्येक वर्षं राबला, पण गावाला नेता म्हणून नव्हे, सोबती म्हणून. जातीचा पत्ता सांगणारं शेपूट कापून टाकलं की माणूस कुठल्याही ओसरीवर बसू शकतो, हे व्हिजिटिंग कार्डवाल्यांनी नोंदवून ठेवावं.

हिरो नंतर, आधी हिरे!

आरमोरीकरांनो, कॉलर ताठ करा. तुमच्या तालुक्यातल्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त केली आहे! हिरे कधीचेच संपले, किल्ला उरलाय. पण माणसांची खाण चालूच. पटापट चार नग बघा.

नग पहिला: बाबुराव शेडमाके. जन्म १२ मार्च १८३३, अहेरीकडच्या किष्टापूरचा. रायपूरला इंग्रजी शिकला आणि इंग्रजांच्याच विरोधात ‘जंगोम दल’ उभं केलं. २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या (म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या) जेलमध्ये पिंपळाखाली फाशी, वय अवघं पंचवीस. २००९ मध्ये टपाल खात्याने तिकीट काढलं. म्हणजे सरकारी मान्यतेला दीडशे वर्षं लागली. लोकांना मात्र वाट बघावी लागली नाही. त्या पिंपळापाशी दर २१ ऑक्टोबरला गर्दी असतेच.

नग दुसरा: मारोतराव ऊर्फ दादासाहेब कन्नमवार. लहानपणी पेपर विकणारा चांद्याचा पोरगा २० नोव्हेंबर १९६२ ला थेट महाराष्ट्राचा मुख्यमंत्री! यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि खुर्ची दादासाहेबांकडे आली. जेमतेम वर्ष झालं आणि २४ नोव्हेंबर १९६३ ला पदावर असतानाच ते गेले. त्यानंतर पी. के. सावंत यांनी काही दिवस कारभार पाहिला आणि मग आले वसंतराव नाईक, अकरा वर्षांच्या विक्रमासह. म्हणजे एका वर्षाचा, काही दिवसांचा आणि अकरा वर्षांचा, असे तीन मुख्यमंत्री पाठोपाठ. क्रिकेटच्या स्कोअरबोर्डवरही असं दिसत नाही.

नग तिसरा पाहुणा आहे, पण त्याच्याशिवाय यादी लंगडी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा स्वतः किती ठिकाणी दिली? फक्त दोन! १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूर. मुंबई नाही, पुणे नाही, चांदा! इथल्या तयारीमागे होते बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे, जे पुढे राज्यसभेचे उपसभापती झाले. बाबासाहेब तेव्हा खूप आजारी होते. दोनच महिन्यांत, ६ डिसेंबरला, ते गेले.

नग चौथा: खंजिरी! हो, वाद्य. तळहाताएवढ्या त्या चकतीवर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गावंच्या गावं जागी केली. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर पेटलं त्यामागे महाराजांच्या भजनांची फुंकर होती. इंग्रजांनी त्याच महिन्यात त्यांना अटक केली आणि नागपूर, रायपूरच्या जेलमध्ये ठेवलं. खंजिरीला घाबरणारं साम्राज्य! १९५५ मध्ये हीच खंजिरी विश्वधर्म परिषदेसाठी जपानला पोचली. आणि प्राथमिक शाळेच्या फारसं पुढे न गेलेल्या या माणसाचं नाव नागपूर विद्यापीठाला लागलं. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं, तोवर आरमोरीच्या पोरापोरींच्या डिग्रीवरही तेच नाव छापून यायचं.

हाफ पँटला मॅगसेसे

‘ड्रेस फॉर सक्सेस’ शिकवणाऱ्या कोचना एकदा हेमलकशाला पाठवा. १९७३ पासून तिथे माडिया आदिवासींमध्ये काम करणारे डॉ. प्रकाश आमटे यांचा ड्रेसकोड आहे पांढरी हाफ पँट आणि बनियन. आजूबाजूच्यांच्या अंगावर तेव्हा कपडा नव्हता, मग आपण सुटाबुटात कशाला? २००८ मध्ये डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. विभाग कुठला माहीत आहे का? समुदाय-नेतृत्व! बाबांना हाच पुरस्कार १९८५ मध्ये, लोकसेवेच्या विभागात. म्हणजे वडील, मुलगा, सून, एकाच घरात तीन मॅगसेसे विजेते. टायचा खर्च शून्य.

सावधान, ओव्हरडोसही होतो! बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातल्या यास्मिन फेरखॉवे आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं की करिश्मा वाढत जातो तसा लीडर आधी प्रभावी ठरतो आणि एका टप्प्यानंतर उलटं होतं. फार कमी करिश्म्याचे साहेब मोठं स्वप्न दाखवत नाहीत. फार जास्त करिश्म्याचे साहेब फक्त स्वप्नच दाखवतात, रोजचं काम वाऱ्यावर. ओळखीचं कुणी आठवलं? नाव घेऊ नका, भिंतींना कान असतात.

करिश्म्याचे बारा!

मगाशी जहाजाचा कॅप्टन निवडायला लावणारे अँटोनाकिस आठवतात? लोझान विद्यापीठाचे हे प्राध्यापक म्हणतात, करिश्मा शिकवता येतो. त्यांनी बारा युक्त्या काढल्या, मॅनेजरांना शिकवल्या आणि शिकलेल्यांचं लीडर म्हणून रेटिंग वाढलं. नऊ युक्त्या बोलण्याच्या: उपमा द्या, किस्सा सांगा, विरोध दाखवा, प्रश्न टाका, तीन-तीनच्या यादीत बोला, लोकांच्या मनातलं ओठावर आणा, नैतिक भूमिका घ्या, मोठं ध्येय ठेवा आणि ते जमेल असा भरवसा द्या. उरलेल्या तीन बिनशब्दांच्या: आवाज, चेहरा, हात.

स्वित्झर्लंडची फी परवडत नाही? नो टेन्शन. आरमोरीहून वडसा (म्हणजेच देसाईगंज) हाकेच्या अंतरावर आहे आणि वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीचं हेडक्वार्टर! दिवाळी सरली, धान निघालं की नाटक कंपन्या गावोगाव सुटतात. दिवसा बैलांचा शंकरपट, रात्री नाटक, आणि पडदा पडेस्तोवर उजाडतं. थंडीत, घोंगडं पांघरून, हजारो लोक एका जागी रात्रभर! पुण्या-मुंबईतला कॉर्पोरेट स्पीकर वीस मिनिटांत लोकांना मोबाइलमध्ये घालवतो, आणि इथला नट मागच्या रांगेतल्या आजोबांनाही डुलकी काढू देत नाही.

याच मातीतले परशुराम खुणे, कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे. ‘झाडीपट्टीचे दादा कोंडके’ ही त्यांची ओळख. पाच हजारांच्या आसपास प्रयोग आणि आठशेच्या वर भूमिका! २०२३ मध्ये पद्मश्री. बारा युक्त्यांचं चालतंबोलतं प्रात्यक्षिक, तेही ऑर्गन आणि तबल्यासकट.

तर होमवर्क लिहून घ्या जी. भाऊबीजेनंतर वडशाची एसटी पकडायची. तिकीट काढायचं, घोंगडं न्यायचं, खिशात शेंगदाणे ठेवायचे. पहिल्या अंकात फक्त नटाचे हात बघायचे, दुसऱ्यात डोळे मिटून नुसता आवाज ऐकायचा. आणि तिसऱ्या अंकात स्टेजकडे पाठ करून पब्लिककडे बघायचं. शेजारचा ‘काहून जी, नाटक तिकडं हाय’ म्हणेल. म्हणू द्या!